रंग पाहून आयसोपॉड घेण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रंगीबेरंगी आयसोपॉड घरी पाळण्याच्या छंदावर सचित्र मजकूर आला होता. या प्राण्यांवर मराठीत इतके ठळक काही छापून आलेले पाहून मला मनापासून आनंद झाला. छायाचित्रेही अप्रतिम होती. मात्र मजकुराच्या शेवटी ‘झाकणाचा डबा घ्या, माती भरा, रोज पाणी शिंपडा, बाकी काही करावे लागत नाही’ असा सल्ला होता. तो शब्दशः पाळला तर छायाचित्रांतल्या निम्म्या जाती फार दिवस जगणार नाहीत. त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ते जरा लांबेल, पण विषय जिवांचा आहे, तेव्हा जागा द्यावी ही विनंती.

मी घड्याळे दुरुस्त करतो. प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. पण डोळ्याला भिंग लावून बारीक वस्तू तासन्‌तास न्याहाळण्याची सवय धंद्याने लावली, आणि आयसोपॉड भिंगातूनच पाहावा असा प्राणी आहे. कामाच्या टेबलामागच्या कपाटात माझ्याकडे त्यांचे डबे ओळीने मांडलेले आहेत. बरीच वर्षे त्यांची पैदास करतो आहे, आणि नव्याने पाळणाऱ्यांना अडचण आली की ते डबा घेऊन माझ्याकडे येतात. त्या डब्यांची झाकणे उघडल्यावर जे दिसते, त्याच्या आधाराने मी बोलतो आहे.

आयसोपॉड हा कीटक नव्हे. खेकडा, कोळंबी ज्या कवचधारी प्राण्यांत मोडतात, त्यांतलाच हा जमिनीवर राहायला आलेला प्राणी. पायांच्या सात जोड्या, पाठीवर एकावर एक सरकणाऱ्या ढाली. जमिनीवरच्या त्यांच्या ३,७०० हून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. यांचे पूर्वज समुद्रातले. घर बदलले तरी श्वास घेण्याची व्यवस्था पुरती बदलली नाही. शरीराच्या मागच्या भागाखाली चपट्या, पातळ पाकळ्यांसारखे अवयव असतात आणि श्वास त्यांतून चालतो. आर्मॅडिलिडियम किंवा पोर्सेलिओ या प्रजातींतला एखादा आयसोपॉड हलकेच उलटा करून भिंगातून पाहिला, तर यांपैकी पुढच्या दोन जोड्यांवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. ती त्याची फुप्फुसे. आत हवेच्या सूक्ष्म नळ्या असतात, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. या फुप्फुसांना हवा तर हवीच, पण ओलावाही हवा. प्राणी सुकला की गुदमरतो आणि पाण्यात बुडाला तरी गुदमरतो.

एवढे ध्यानात आले की डबा कसा असावा हे वेगळे शिकावे लागत नाही. एक टोक ओले, दुसरे कोरडे, आणि मधून हवा खेळती. ओल्या टोकाला स्फॅग्नम शेवाळाचा थर ठेवायचा आणि पाणी घालायचे ते तिथेच. दुसऱ्या टोकाला झाडाच्या सालीचे तुकडे, कोरडी पाने. समोरासमोरच्या दोन बाजूंना भोके पाडून आतून स्टीलची बारीक जाळी बसवायची. मग प्राणी आपल्या गरजेप्रमाणे स्वतः इकडून तिकडे जातो. कात टाकायची वेळ आली की ओल्याकडे सरकतो, एरवी मधल्या भागात सालीखाली पडून असतो. आपण रोज सगळीकडे फवारा मारला, तर त्याला निवड करायला काही उरतच नाही.

काही दिवसांपूर्वी एक कॉलेजातला मुलगा डबा घेऊन आला. झाकण घट्ट बसवलेले, चारी भिंतींवर पाण्याचे थेंब, तळाशी माती चिखलासारखी झालेली. झाकण काढल्याबरोबर उग्र वास आला. जिवंत राहिलेले आयसोपॉड सालीच्या सगळ्यांत उंच टोकावर एकमेकांना चिकटून बसले होते. खाली चिखलात मेलेले होते. विकणाऱ्याने त्याला बजावून सांगितले होते की ओल जराही जाऊ द्यायची नाही, आणि तो बिचारा ते मनापासून पाळत होता. यात वासाचेही कारण आहे. शरीरातला नको असलेला नायट्रोजन हे प्राणी बऱ्याच अंशी अमोनिया वायूच्या रूपात बाहेर टाकतात. त्यात चिखलात कुजणाऱ्या अन्नाची भर पडते. झाकण बंद असले की हे सगळे आतच साठते. आम्ही तो डबा तिथल्या तिथे रिकामा केला, दोन बाजूंना जाळी लावली, अर्धा भाग कोरड्या पालापाचोळ्याने भरला. उरलेले प्राणी तगले, आणि परवा त्यांच्यात पिल्ले दिसल्याचा त्याचा फोन आला.

आणि ओल किती, हेही जातीप्रमाणे बदलते. पुरवणीत ज्याचे मोठे छायाचित्र होते, तो पोर्सेलिओ एक्सपॅन्सस मूळचा स्पेनचा. रुंद, चपटा, भारदस्त प्राणी. त्याला भरपूर वारा हवा, आणि ओल फक्त एका कोपऱ्यात. याउलट ट्रायकोऱ्हायना टोमेंटोसा हा काही मिलिमीटरांचा पांढरा प्रकार सतत दमट मातीतच सुखी असतो. या दोघांना एकच सल्ला देऊन कसे चालेल? घेण्याआधी आपली जात मूळ कुठे राहते, रानात की गुहेत, कोरड्या उतारावर की ओल्या लाकडाखाली, एवढे तरी प्रत्येकाने विचारलेच पाहिजे.

‘माती भरा’ यालाही माझी हरकत आहे. आयसोपॉडच्या डब्यातला थर हे त्याचे अंथरूणही असते आणि अन्नही. नुसती माती भरली तर तो तिच्यावर उपाशी राहतो. कुजून भुसभुशीत, पांढरट झालेले लाकूड, रुंद पानांच्या झाडांचा वाळलेला पालापाचोळा, थोडी कुजलेली खतमाती आणि चुना मिळेल असे काहीतरी, म्हणजे कटलबोनचा तुकडा, अंड्याच्या कवचाची पूड किंवा चुनखडीचा खडा. थर पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा असावा. पाने जिथून आणाल तिथे कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करून घ्या, कारण कीटक मारणारे औषध यांनाही मारते. गाजर, काकडी, भोपळा यांची चकती अधूनमधून चालते, पण बुरशी धरण्याआधी काढून घ्यावी. सुकवलेली कोळंबी किंवा माशांचे खाद्य चिमूटभर, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी. पोर्सेलिओ लेव्हिससारख्या खादाड जातींना प्रथिने कमी पडली तर नुकतीच कात टाकलेल्या भाऊबंदांना त्या कुरतडतात. डब्यात स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे मातीतले बारीक जीव) सोडले तर बुरशी आटोक्यात राहते. बहुतेक जातींना २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. डबा उन्हात कधीही ठेवू नये. खाण्यापिण्याचे एवढे पुरे.

चुन्याचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवे पाळणारे तिथे घाबरून जातात. आयसोपॉड एका दमात कात टाकत नाही. आधी मागचा अर्धा भाग, मग साधारण दिवसभराने किंवा थोडे उशिरा पुढचा अर्धा. मधल्या वेळात तो मागून फिकट आणि पुढून गडद असा दुरंगी दिसतो. लोक मला फोन करतात, ‘काका, याला काहीतरी रोग झालाय.’ रोग काही नसतो. कात टाकण्याआधी तो मागच्या कवचातले कॅल्शियम, म्हणजे हाच चुना, काढून घेतो आणि शरीराच्या पुढच्या भागात, खालच्या बाजूला साठवतो. उलटा करून पाहिला तर छातीखाली खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे दिसतात. मागचा भाग नवा झाला की तो साठा तिकडे वळवून नवे कवच टणक करतो. टाकलेली कातसुद्धा बहुधा खाऊन टाकतो. या दोन-तीन दिवसांत त्याला हात लावायचा नाही. सालीखाली काय चालले आहे हे पाहायला सारखी साल उचलायची नाही.

पैदाशीत मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती मादीच्या पिशवीची. पायांच्या मुळाशी असलेल्या पातळ पापुद्र्यांची मिळून पोटाखाली एक पिशवी तयार होते, तिच्यात द्रव असतो आणि अंडी त्या द्रवात वाढतात. समुद्र सोडून आलेल्या या प्राण्याने पिल्लांपुरते पाणी अंगावर वागवले आहे. भिंगातून पाहिले तर सुरुवातीला पिवळसर, गोल दाणे दिसतात. काही आठवड्यांनी त्याच पापुद्र्याआड हालचाल दिसू लागते, दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. मग एके दिवशी पिशवी उघडते आणि पांढुरकी, पारदर्शक पिल्ले बाहेर येतात. त्यांना मॅन्का म्हणतात. जन्मतः त्यांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी जोडी पुढे कात टाकल्यावर येते. आर्मॅडिलिडियम वल्गेअरच्या मोठ्या मादीला एका वेतात शंभराहून जास्त पिल्ले होऊ शकतात. पिल्ले थरातच मिसळून जातात, त्यामुळे थर बदलायची घाई कधी करू नये. जुन्या थराबरोबर लोक सगळी पिल्ले टाकून देतात आणि त्यांना ते कळतही नाही.

आता रंगांकडे येतो, कारण पुरवणीचा सगळा भर त्यांच्यावरच होता. आर्मॅडिलिडियम वल्गेअर, पोर्सेलिओ स्केबर, पोर्सेलिओ लेव्हिस या जातींना फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०४ मध्ये शास्त्रीय नावे दिली. तिन्ही मूळच्या रंगाने बहुतेक करड्याच. आज त्यांच्यातूनच नारंगी, पांढरे, ठिपक्यांचे असे कितीतरी मॉर्फ, म्हणजे एकाच जातीतले रंगप्रकार, पाळणाऱ्यांनी वेगळे काढले आहेत. पोर्सेलिओ लेव्हिसचा काळ्या-पांढऱ्या डागांचा ‘डेअरी काऊ’, स्केबरचा ‘डाल्मेशियन’, वल्गेअरचा ‘मॅजिक पोशन’. करड्या रंगाला कारण असलेले ओमोक्रोम नावाचे रंगद्रव्य कमी पडले किंवा बदलले की हे रंग उघड होतात. काही जाती मात्र निसर्गतःच देखण्या आहेत. दक्षिण फ्रान्सचा आर्मॅडिलिडियम मॅक्युलेटम काळा, त्यावर पांढरे पट्टे. एड्रियाटिक किनाऱ्याकडच्या आर्मॅडिलिडियम क्लुगीच्या पाठीवर ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि तिथल्या विषारी कोळ्याची ती नक्कल असावी असे मानले जाते.

करड्या कळपात क्वचित एखादे नारंगी पिल्लू दिसते. ते वेगळे काढून रंग टिकवणे हे काम सावकाशीचे आहे. असा रंग बहुधा अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो मिळाला तरच दिसतो. नारंगी मादी करड्या नराशी जुळली तर पिल्ले सगळी करडी निघतात. माणूस तिथेच निराश होऊन त्यांना टाकून देतो. ती ठेवायची असतात, कारण रंग त्यांच्या आत असतो. त्यांची आपापसात पैदास झाली की पुढच्या पिढीत साधारण चौथा हिस्सा नारंगी येतो. एका पिढीला काही महिने, काही जातींना वर्षही लागते. आणखी एक अडचण आहे. वल्गेअरची मादी एकदा जुळल्यावर नराचे बीज साठवून ठेवते आणि पुढच्या वेतांसाठीही तेच वापरू शकते. तेव्हा मिश्र डब्यातली मोठी मादी वेगळी काढून उपयोग नाही. वयात न आलेली पिल्लेच निवडावी लागतात. वल्गेअरमध्ये तर वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो, तो नर होऊ घातलेल्या पिल्लांना मादी बनवतो. एखाद्या डब्यात माद्याच माद्या का होतात, हे कोडे मला त्यानेच उलगडले.

निळ्या रंगाबद्दल एक इशारा. पोर्सेलिओनायडिस प्रुइनोससचा ‘पावडर ब्लू’ हा निरोगी प्राणी आहे, त्याच्या अंगावर निळसर भुकटीसारखा थर असतो. पण करड्या जातीतला एखादा आयसोपॉड अचानक चमकदार निळा-जांभळा दिसू लागला, तर तो नवा मॉर्फ सापडला म्हणून कोणी हरखून जाऊ नये. तो इरिडोव्हायरस असतो. विषाणूचे कण त्वचेखाली इतके शिस्तीत रचले जातात की त्यांच्यावरून उजेड परतताना निळा दिसतो. असा प्राणी वाचत नाही, आणि मेलेल्याला इतरांनी खाल्ले की रोग त्यांच्यातही जातो. तो लगेच वेगळा करावा. असे आजारी प्राणी ‘दुर्मीळ निळे’ म्हणून विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला फार राग आला.

आता ज्या गोष्टीने मी खरा अस्वस्थ आहे ती. पुरवणीच्या मुखपृष्ठावर पिवळ्या तोंडाचा ‘रबर डकी’ होता. समोरून पाहिले तर खरोखर खेळण्यातल्या बदकासारखा चेहरा. हा थायलंडमधल्या चुनखडीच्या गुहांतून आला, आणि गेल्या दशकाच्या उत्तरार्धात पाळणाऱ्यांमध्ये एकदम प्रसिद्ध झाला. त्यानंतर आग्नेय आशियातल्या चुनखडीच्या डोंगरांतून नवनवे रंग बाहेर येतच राहिले. विकणारे त्यांना क्युबॅरिस म्हणतात. त्यांतल्या कित्येकांना अजून शास्त्रीय नाव नाही, फक्त बाजारातले नाव आहे. असे डोंगर एकमेकांपासून तुटलेले असतात. एखादी जात एकाच डोंगरापुरती, एकाच गुहेपुरती असू शकते. वल्गेअरसारखी शंभर पिल्ले यांना होत नाहीत. थोडी होतात, सावकाश होतात. दगडाच्या खाणींनी हे डोंगर आधीच पोखरले जात आहेत, त्यात आपल्या कपाटातल्या डब्यासाठी तिथली मुठीमुठीने जमा केलेली जात संपली तर ती परत कुठून येणार? जिचे नावही ठेवले गेले नाही, ती गेल्याचे कोणाला कळणारसुद्धा नाही.

मी या जाती पाळण्याच्या विरोधात नाही. घरी जन्मलेल्या पिल्लांपासून सुरू केलेला रबर डकीचा एक डबा माझ्याकडेही आहे, आणि रात्री मंद उजेडात ते चुनखडीच्या खड्यावर येतात तेव्हा मी काम बाजूला ठेवतो. माझे म्हणणे एवढेच, की रानातून, गुहेतून उचललेले प्राणी घेऊ नका. विकणाऱ्याला सरळ विचारा: ही पिल्ले तुमच्याकडे जन्मली का? मला त्यांच्या आईबापांचा डबा दाखवाल का? डब्यात सगळ्या वयांची पिल्ले आहेत का? ज्याच्याकडे पैदास होते त्याच्या डब्यात मोहरीएवढ्या पिल्लांपासून पूर्ण वाढलेल्यांपर्यंत सगळे दिसतात. सगळे एकाच मापाचे, मोठे, पाय तुटलेले, स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) तुटलेल्या असतील तर ते बहुधा पकडून आणलेले आहेत. तिथून उठावे. आणि सारखे दिसणारे दोन क्युबॅरिस एका डब्यात घालू नयेत. ते एकच जात आहेत की दोन, हे अजून ठरलेले नाही, आणि एकदा संकर झाला की तो वेगळा करता येत नाही.

नको झालेले आयसोपॉड बागेत सोडून देण्याचाही एक विचार लोकांच्या मनात येतो. निसर्गातलाच प्राणी, निसर्गात गेला, त्यात काय बिघडले, असे त्यांना वाटते. वल्गेअर मूळचा भूमध्य समुद्राभोवतालचा, माणसाबरोबर तो जगभर पसरला, आणि अर्जेंटिनात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचे तो नुकसान करतो. म्हणून नको झालेले प्राणी बागेत न सोडता दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. जुना थर टाकताना तोही आधी काही दिवस गोठवावा, कारण पिल्ले त्यातच असतात.

पुरवणीत हा विषय पुन्हा घेणार असाल तर छायाचित्रांच्या शेजारी प्रत्येक जातीचे मूळ ठिकाण आणि तिला लागणारी ओल एवढे दोन तपशील छापावेत, ही नम्र विनंती. आणि ज्यांनी तो मजकूर वाचून एव्हाना डबा आणला असेल, त्यांनी आजच झाकण उघडून वास घ्यावा. उग्र वास असेल, भिंतींवर थेंब असतील, तर दोन्ही बाजूंना भोके पाडावीत, अर्ध्या भागात कोरडी पाने घालावीत आणि पाणी फक्त उरलेल्या अर्ध्यात द्यावे. प्राणी सालीच्या टोकावरून खाली उतरून पानांत शिरले की डबा सुधारला असे समजावे.

आपला नम्र,
एक घड्याळदुरुस्तीकार वाचक